मोबाइलचा मोडेम रुसतो तेव्हा...

घरातील ब्रॉडबँड बंद पडावे आणि नेमकी त्याच दिवशी प्रवेशअर्जाची शेवटची तारीख असावी, हा अनुभव शहरी घरांना नवा नाही. पावसाळ्यापूर्वी रस्ते खोदले जातात, त्यात कुठेतरी केबल तुटते आणि अख्ख्या सोसायटीतील संगणक एकाच वेळी मुके होतात. अशा वेळी खिशातला मोबाइल संगणकाला जोडून इंटरनेट मिळवणे हा सर्वांत जवळचा उपाय ठरतो. २०२० च्या टाळेबंदीत तर असंख्य कुटुंबांची कार्यालये आणि शाळा याच एका जोडणीवर चालल्या. मात्र ऐनवेळी ती दगा देते. मोबाइलवर पाने झरझर उघडतात आणि संगणक 'जोडणी नाही' असे सांगत राहतो. किंवा जोडणी झाल्याचे दोन्हीकडे दिसते, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. दोष कुठे आहे हे उमगले नाही की माणूस दिसेल ते बटण दाबत सुटतो आणि धड चाललेलेही बिघडवून ठेवतो.

वास्तविक या जोडणीचे तीन टप्पे असतात. संगणक ते मोबाइल हा पहिला, मोबाइल ते कंपनीचा मनोरा हा दुसरा आणि मनोऱ्यामागील जाळ्यातून इंटरनेट हा तिसरा. बिघाड या तिन्हींपैकी कोणत्या टप्प्यात आहे हे आधी ठरवावे आणि मगच हात घालावा. निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मार्गी लागतात.

'एटी'ची भाषा

मोबाइलला मोडेम म्हणून वापरण्याची युक्ती स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची आहे. मोडेम म्हणजे संगणकाची अंकीय माहिती दूरध्वनीच्या तारेवरून जाऊ शकेल अशा संकेतांत बदलणारे आणि पलीकडून आलेले संकेत पुन्हा मूळ रूपात आणणारे उपकरण. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते याच उपकरणातून घरोघरी पोहोचले. त्याचा तो किरकिरणारा आवाज त्या पिढीच्या कानांत अजून असेल. पुढे मोबाइल संचांतच मोडेम बसवले जाऊ लागले आणि संगणकाला त्यांच्याशी बोलण्यासाठी नवी भाषा शिकावी लागली नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतील हेज कंपनीच्या 'स्मार्टमोडेम'बरोबर आलेल्या आज्ञावलीतील जवळजवळ प्रत्येक आज्ञा 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होत असे. 'एटी' म्हणजे 'अटेन्शन', अर्थात 'लक्ष दे'. मोबाइल संचांनीही हीच आज्ञावली उचलली. गंमत म्हणजे दुकानांतील कार्डयंत्रे आणि दूरस्थ मीटर यांत बसवले जाणारे मोबाइल मोडेम आजही हीच भाषा बोलतात.

त्या काळी संगणकावर डायल-अप जोडणी तयार करून क्रमांकाच्या जागी *९९# असे लिहावे लागे. सीडीएमए संचांसाठी तो #७७७ असे. हे खरे दूरध्वनी क्रमांक नव्हतेच. पॅकेट डेटाचे दार उघड, एवढीच ती संचाला दिलेली आज्ञा होती. हे ठाऊक नसल्याने घोळ होई. विंडोजमधील 'डायलिंग रूल्स'ची खूण राहून गेली की संगणक या क्रमांकापुढे आपणहून शून्य किंवा ०२२, ०२० असा शहराचा संकेतांक जोडी आणि जोडणी लागत नसे. वापरकर्ता बिचारा कंपनीला दूषणे देई.

त्या काळातील 'एरर'चे आकडेही अनेकांना पाठ झाले होते. 'एरर ६३३' म्हणजे मोडेम दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात आहे. बहुधा मोबाइलबरोबर आलेला 'पीसी सूट' नावाचा प्रोग्रॅम मागे चालू असे आणि तोच पोर्ट अडवून बसे. 'एरर ६९२' मोडेमकडून प्रतिसाद नसल्याचे सांगे. त्याचे कारण बहुतेकदा सैल केबल किंवा ब्लूटूथचा बदललेला पोर्ट क्रमांक. 'एरर ६७८' म्हणजे पलीकडून उत्तर नाही. 'एरर ७३४'मध्ये मात्र संवाद सुरू होऊन मध्येच तुटलेला असे आणि तिथे संशयाची सुई हमखास 'एपीएन'कडे वळे.

एपीएन, म्हणजे 'ॲक्सेस पॉइंट नेम', हे मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचे नाव. मोबाइलवर ते एसएमएसने आपोआप बसवले जाई. संगणकावर मात्र मोडेमच्या गुणधर्मांत, 'एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्स' या चौकटीत ते स्वतः भरावे लागे. त्यात एक अक्षर चुकले तरी सारे अडे. शिवाय काही कंपन्यांची मोबाइलवरील 'वॅप' पाने पाहण्याची योजना आणि संगणकासाठीची योजना वेगवेगळी असे. एपीएन पहिल्या योजनेचे आणि अपेक्षा दुसऱ्याची असली की मोबाइलवर सर्व सुरळीत आणि संगणकावर शुकशुकाट!

हे सारे जुळून आल्यावरही वेग फारसा मिळत नसे. जीपीआरएसची कागदोपत्री कमाल १७१.२ किलोबिट प्रतिसेकंद होती. त्यासाठी आठही 'टाइमस्लॉट' एकाच ग्राहकाला मिळायला हवे होते. संच साधारणतः चारच वापरू शकत आणि मनोऱ्यावर गर्दी असली तर तेवढेही हाती लागत नसत. बिलाची धास्ती निराळीच. दहा किलोबाइटला दहा पैसे हा अनेक ठिकाणी प्रचलित दर ऐकायला किरकोळ वाटे, पण तो मेगाबाइटला दहा रुपयांहून जास्त पडे. २००४ मध्ये आलेल्या 'विंडोज एक्सपी'च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकचा संपूर्ण संच सुमारे २६६ मेगाबाइटचा होता. या दराने तो उतरवून घेणाऱ्यास २,७०० रुपयांवर भुर्दंड बसला असता, आणि संगणकाने तो परस्पर उतरवायला घेतला तर विचारणारे कुणी नव्हते. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ मध्ये ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटासेवा सुरू न करण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आणि ती सुरू वा बंद करण्यासाठी १९२५ हा क्रमांक ठरवून दिला.

आजची जोडणी

अँड्रॉइडच्या २०१० मधील २.२ या आवृत्तीत 'टिथरिंग' आणि 'हॉटस्पॉट' आले. आयफोनला २००९ मध्ये टिथरिंग आणि २०११ मध्ये 'पर्सनल हॉटस्पॉट' मिळाला. डायल करण्याचा सोपस्कार त्यामुळे संपला. संगणकाच्या दृष्टीने मोबाइल हा आता मोडेमपेक्षा राउटर अधिक आहे. तो संगणकाला स्वतःच आयपी पत्ता देतो आणि त्याची रहदारी पुढे पाठवतो. बिघाडांची जातही बदलली ती यामुळेच.

पहिली परीक्षा मोबाइलवरच घ्यावी. त्याचे वायफाय बंद करून, केवळ मोबाइल डेटावर, पूर्वी कधी न पाहिलेले एखादे पान उघडून पाहावे. ते उघडले नाही तर संगणकाकडे वळण्यात अर्थ नाही. वायफाय बंद करण्याचे कारण वरवर क्षुल्लक वाटेल, पण पुष्कळजण इथेच फसतात. घरातील ब्रॉडबँड मेलेले असले तरी राउटर जिवंत असतो आणि मोबाइल त्याला चिकटून राहतो. अँड्रॉइडवर यूएसबी टिथरिंग सुरू केले की मोबाइल त्या क्षणी स्वतः ज्या जोडणीवर आहे तीच पुढे देतो, म्हणजे बंद पडलेले वायफायच! संगणकाचीही तीच गत. राउटरची लॅन केबल त्याला खोचलेली राहिली तर विंडोज बहुधा त्या वेगवान, पण कुठेही न जाणाऱ्या वाटेला प्राधान्य देते. सबब, मोबाइल जोडण्यापूर्वी जुन्या वाटा दोन्हीकडून तोडाव्यात.

यूएसबीने जोडताना पहिला संशय केबलवर घ्यावा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्तातल्या कित्येक केबलींत माहितीच्या तारा नसतातच. अशा केबलने मोबाइल चार्ज होतो, पण 'यूएसबी टिथरिंग'चा पर्याय पुसट राहतो आणि निवडता येत नाही. केबल बदलावी, संगणकाच्या मागील बाजूचा किंवा थेट मदरबोर्डवरचा पोर्ट घ्यावा, यूएसबी हब वगळावा. पर्याय निवडल्यानंतर विंडोजच्या 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये 'रिमोट एनडिस' नावाचे नवे साधन दिसायला हवे. न दिसल्यास 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पिवळ्या खुणेचे साधन शोधून त्याचा ड्रायव्हर पुन्हा बसवावा. आयफोनसाठी विंडोजवर ॲपलचा ड्रायव्हर लागतो आणि तो आयट्यून्सबरोबर येतो. शिवाय आयफोनच्या पडद्यावर आलेल्या 'ट्रस्ट'च्या प्रश्नाला होकार द्यावा लागतो. मॅक संगणक आणि जुने अँड्रॉइड फोन यांचे मात्र यूएसबीवर मुळातच जमत नाही, कारण असे फोन ज्या पद्धतीने बोलतात तिचा ड्रायव्हर मॅकमध्ये नसतो. तिथे वेळ न दवडता वायफाय हॉटस्पॉट वापरावा हे बरे.

हॉटस्पॉटचे नाव संगणकाच्या यादीत दिसतच नसेल तर मोबाइलमधील 'बँड' तपासावा. पाच गिगाहर्ट्झवर चालणारा हॉटस्पॉट जुन्या लॅपटॉपला दिसत नाही. तो २.४ वर आणावा. आयफोन १२ पासूनच्या संचांत यासाठी 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' नावाचा पर्याय आहे. सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए ३' एवढाच ठेवलेला असेल तरीही जुने संगणक जोडले जात नाहीत. त्यांच्यासाठी 'डब्ल्यूपीए २' निवडावा. हॉटस्पॉट उघडा सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. शेजारच्या सदनिकेतील चित्रपट आपल्या डेटावर चालू राहतो आणि कळतही नाही. २.४ गिगाहर्ट्झची एक अडचण क्वचितच कुणाच्या लक्षात येते: यूएसबी ३ वर चालणाऱ्या बाह्य हार्डडिस्क आणि त्यांच्या केबली याच लहरींच्या पट्ट्यात गोंगाट करतात. हार्डडिस्क लावली की नेट मंदावत असेल तर ती दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये हलवून पाहावी.

जोडणी आहे, पण इंटरनेट नाही

सर्वांत चिडवणारा प्रकार हाच. येथे संगणकाचा आयपी पत्ता पाहणे उपयोगी ठरते. विंडोजच्या 'कमांड प्रॉम्प्ट'वर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली की तो दिसतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मोबाइलने संगणकाला पत्ता दिलेलाच नाही आणि संगणकाने तो स्वतःच कल्पून घेतला आहे. म्हणजे दोष पहिल्याच टप्प्यात आहे. टिथरिंग बंद करून पुन्हा सुरू करावे आणि संगणकावर कुणी कायमचा पत्ता भरून ठेवला असल्यास तो काढून 'आपोआप' करावा. आयफोनकडून मिळणारा पत्ता १७२.२०.१० ने सुरू होतो. अँड्रॉइडकडून बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा मिळतो.

पत्ता योग्य असेल तर ८.८.८.८ या गुगलच्या सर्व्हरला 'पिंग' करून पाहावे. त्यास उत्तर येते, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, अशी स्थिती असल्यास दोष 'डीएनएस'चा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा. कार्यालयाने किंवा जुन्या ब्रॉडबँडवाल्याने भरून ठेवलेला डीएनएस पत्ता मोबाइलच्या जाळ्यातून चालत नाही. कार्यालयीन लॅपटॉपमध्ये 'प्रॉक्सी'ची नोंद राहून गेलेली असते, तिचाही असाच त्रास होतो. पिंग जाते, ईमेलही कदाचित येते, ब्राउझर मात्र रिकामा. आणखी एक किरकोळ कारण लोकांचे तास खाते: संगणकाची तारीख. मदरबोर्डवरील बटणासारखी बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्र अवैध असल्याचे सांगून उघडत नाहीत. बँकेचे पान उघडत नसेल तर मोबाइलवर राग काढण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील वर्ष पाहावे.

काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट लटकतात, विशेषतः कार्यालयाच्या 'व्हीपीएन'वर, तेव्हा 'एमटीयू' हा मुद्दा तपासण्याजोगा असतो. एकावेळी पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याचा हा कमाल आकार. संगणक तो १५०० बाइट धरतो. मोबाइलचे जाळे आणि त्यावर व्हीपीएनचे वेष्टन यांमुळे प्रत्यक्षात जागा कमी उरते आणि मोठी पुडकी वाटेत अडतात. हा आकार १४०० पर्यंत खाली आणल्यास पुष्कळदा गाडी रुळावर येते. मोबाइलवर सुरू असलेला व्हीपीएन अँड्रॉइडमध्ये सामान्यतः संगणकाला मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. संगणकावर तो स्वतंत्रपणे चालवावा लागतो.

एपीएन आजही आहे, फक्त पडद्याआड गेला आहे. मोबाइलवर नेट चालते पण टिथरिंग चालत नाही, असे विशेषतः परदेशातून आणलेल्या किंवा दुसऱ्या कंपनीचे सिम घातलेल्या संचांत आढळते. अशा वेळी एपीएनची यादी उघडून कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहावी. जिओचे नाव 'जिओनेट', बीएसएनएलचे 'बीएसएनएलनेट', असे ते असते. तिथल्या 'एपीएन टाइप' या रकान्यात टिथरिंगसाठी 'डन' हा शब्दही असावा लागतो. ही 'डायल-अप नेटवर्किंग'ची आद्याक्षरे. डायल करणे कधीच संपले, नाव तेवढे मागे राहिले. 'रीसेट टू डिफॉल्ट' हा पर्याय आधी वापरावा. हाताने भरण्याची वेळ क्वचितच येते.

वेग जातो कुठे?

सकाळी उत्तम चाललेले नेट दुपारनंतर रांगू लागले तर बहुधा दिवसाचा डेटा संपलेला असतो. अनेक योजनांत दिवसाला ठरावीक गिगाबाइट मिळतात, ते संपल्यावर वेग ६४ किलोबिटवर उतरतो आणि मध्यरात्री पूर्ववत होतो. मोबाइलवर दिवसभर पुरणारा डेटा संगणक तासाभरात फस्त करू शकतो. मागच्या मागे विंडोजचे अपडेट उतरतात, छायाचित्रे 'क्लाउड'वर चढतात, आणि संकेतस्थळेही संगणकाला मोठ्या आकाराची पाने देतात. विंडोज १० आणि ११ मध्ये त्या जोडणीच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' हा पर्याय सुरू करावा. मोठे अपडेट मग थांबून राहतात. मोबाइल जोडल्यावर करण्याचे पहिले काम हे असावे, पण बहुतेकांना ते पॅक संपल्यावर आठवते.

डेटा शिल्लक असूनही वेग नसेल तर पडद्यावरील जाळ्याचे चिन्ह पाहावे. सिग्नलच्या दांड्या भरलेल्या असल्या तरी त्या मनोऱ्यावरील गर्दी सांगत नाहीत. संध्याकाळी दाट वस्तीत पाच दांड्या आणि कासवाची गती हे एकत्र नांदू शकते. काँक्रीटच्या इमारतीत आतल्या खोलीपेक्षा खिडकीपाशी सिग्नल कितीतरी चांगला असतो. मोबाइल खिडकीत आणि संगणक टेबलावर, हा हॉटस्पॉटचा खरा फायदा आहे.

फोन आला की नेट तुटते, ही तक्रार जीपीआरएसच्या काळातही होती. तेव्हाचे बहुतेक संच संभाषण आणि डेटा एकाच वेळी चालवू शकत नसत. आज तिची कारणे दोन. 'व्होल्टी' बंद असेल तर संभाषणासाठी मोबाइल ४जी सोडून जुन्या जाळ्यावर उतरतो आणि डेटा थांबतो किंवा मंदावतो. दोन सिमच्या संचात दुसऱ्या सिमवर फोन आला तरी पहिल्याचा डेटा थांबू शकतो. ऑनलाइन मुलाखत किंवा परीक्षा असेल तर व्होल्टी सुरू असल्याची खात्री करावी आणि दुसरे सिम तेवढ्यापुरते बंद ठेवावे.

दर काही मिनिटांनी जोडणी तुटत असेल तर ते काम बहुधा वीज वाचवणाऱ्या सोयींचे असते. मोबाइलमध्ये कुणी वापरत नसल्यास हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची मुदत असते, ती काढून टाकावी. 'बॅटरी सेव्हर' बंद ठेवावा. संगणकातही 'वीज वाचवण्यासाठी हे साधन बंद करण्यास परवानगी' अशी एक खूण डिव्हाइस मॅनेजरमध्ये असते, तीही पुसावी. उष्णता हा दुसरा शत्रू. चार्जिंग, हॉटस्पॉट आणि मे महिन्याचे ऊन एकत्र आले की संच तापतो आणि स्वतःला सावरण्यासाठी वेग घटवतो. जाड कव्हर काढून तो सावलीत ठेवावा. पंख्याखाली ठेवला तर आणखी उत्तम.

एवढे करूनही दोष दुसऱ्या वा तिसऱ्या टप्प्यातच असल्याचे दिसले, तर शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या मोबाइलवर तपासून पाहावे. तेथेही तेच होत असेल तर १९८ या क्रमांकावर कंपनीकडे तक्रार नोंदवावी. 'नेट चालत नाही' एवढेच न सांगता ठिकाण, वेळ, पडद्यावर दिसणारे जाळे आणि वायफायविना मोबाइलवर केलेल्या चाचणीचा निकाल सांगावा, म्हणजे 'मोबाइल बंद करून चालू करा' या पहिल्या पायरीवरून पुढे जाता येते. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. मुदतीत निराकरण न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागण्याची सोय आहे आणि तेथे हाच क्रमांक विचारला जातो.